महाराष्ट्रांतील काच : बांगडी, आरसा आणि चिमणी

इतिहाससंशोधकाचा हात प्रथम कागदाकडे जातो, मग ताम्रपटाकडे, मग नाण्याकडे आणि शिळेकडे. काचेकडे तो बहुधा जातच नाहीं. कागद बोलतो, नाण्यावर राजाचें नांव असतें, शिलालेखास मिति असते. काचेच्या तुकड्यावर कांहींच लिहिलेलें नसतें, हें त्याचें एक कारण होय. दुसरें कारण आपल्या वाङ्मयानें लावलेली संवय. संस्कृत सुभाषितकारांनीं काच ही रत्नाची तोतया ठरवून टाकिली. मण्याच्या शेजारीं काच ठेवावयाची आणि शहाण्यास मणि व मूर्खास काच वांटून द्यावयाची, हा त्यांचा नेहमींचा खेळ. तेव्हांपासून काच म्हणजे हलकी वस्तु ही समजूत आपण पारखून न घेतां चालवीत आलों. वास्तविक सोन्याचा मणि महाराष्ट्रांत किती जणींच्या गळ्यांत होता हें सांगणें कठीण आहे; पण काचेची बांगडी जिच्या हातीं कधींच चढली नाहीं अशी सवाशीण गेल्या पांच-सहा शतकांत शोधून काढणें त्याहून कठीण. जी वस्तु हरएक जातीच्या घरांत अंगावर वागविली गेली, जिच्या फुटण्यास शकुनाचा अर्थ चिकटला, तिला आपल्या इतिहासांत एक पानहि मिळूं नये, हें कांहीं ठीक नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, महाराष्ट्रांत काचेचे दोन निरनिराळे इतिहास आहेत. एक वाड्यांतील काचेचा. ती स्वच्छ, पारदर्शक, बहुतेक परदेशाहून आलेली. तिचा उल्लेख लेखांत सांपडतो. दुसरा बांगडीच्या काचेचा. ती गडद, जाड, येथल्याच भट्टींत वितळलेली. तिचा उल्लेख कोणी केला नाहीं, परंतु ती स्वतः मातींत सांपडते. या दोन इतिहासांची फार काळ गांठ पडली नाहीं. स्वच्छ काच येथल्या माणसांनीं येथेंच करावी असा जाणूनबुजून केलेला मोठा प्रयत्न इ. स. १९०८ मध्यें झाला, आणि तो पुण्याहून मुंबईच्या वाटेवर दहा-अकरा कोसांवर असलेल्या तळेगांव दाभाडे येथें झाला.

प्रथम शब्दांची साक्ष घेऊं. बांगडी, कांकण, चुडा, मणी हे शब्द घरचे. ‘आरसा’ हा संस्कृत ‘आदर्श’ शब्दावरून आलेला, म्हणजे तोहि घरचाच. पण काचेचा आरसा येण्याच्या पूर्वींचा, हें पुढें दिसेल. आतां बाकीचे पाहावे. ऐना, शिशी, चष्मा, तावदान हे फारशींतून आलेले, कंदील अरबींतून, बाटली पोर्तुगीजांकडून, ग्लास आणि दिव्याची चिमणी इंग्रजांकडून. बिलोर हा शब्दहि मुसलमानी अमदानींत आला, जरी तो मूळच्या ‘वैडूर्य’ शब्दाचेंच परदेश फिरून परत आलेलें रूप असल्याचें भाषाशास्त्रज्ञ मानितात. या यादींतून एक गोष्ट सहज ध्यानांत येते. काचेचें जें अंगावर घालावयाचें त्याचें नांव मराठी आहे. काचेचें जें भरावयाचें, टांगावयाचें किंवा ज्यांतून पाहावयाचें त्याचें नांव परकें आहे. कोणती काच येथली व कोणती बाहेरची याचा निवाडा भाषेनें आपल्या आधींच करून ठेविला आहे.

खुद्द ‘काच’ हा शब्द जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सोनारकामाच्या प्रकरणांत काच बसविण्याचा उल्लेख आहे, म्हणजे दागिन्यांतील काच त्या ग्रंथकारास ठाऊक होती. सुश्रुतानें डोळ्याच्या एका रोगास ‘काच’ हेंच नांव दिलें असून त्यांत दृष्टि मंद होत जाते. दृष्टि झांकोळणाऱ्या रोगास काचेचें नांव मिळावें यावरून त्या काळची नित्य परिचयाची काच आजच्यासारखी आरपार दिसणारी नसून धुरकट असावी, असा तर्क करण्यास हरकत नाहीं. जुन्या थरांत सांपडणारे मणी पाहिले म्हणजे हा तर्क बळावतो.

त्या मण्यांपैकीं कांहींचा कच्चा माल कोठून येत असे याविषयीं एक चांगला पुरावा आहे. इ. स. च्या पहिल्या शतकांत एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेलें तांबड्या समुद्राचें प्रवासवर्णन ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत भडोच बंदरीं येणाऱ्या मालाची जी यादी दिली आहे तींत कच्ची, न घडविलेली काच आहे. सिंधु नदीच्या मुखाजवळच्या बंदरीं मात्र त्यानें काचेचीं भांडीं उतरतात असें लिहिलें आहे. हा भेद बारीक असला तरी महत्त्वाचा आहे. तयार भांडें घेतो तो उपभोगणारा. काचेचे गोळे घेतो तो भट्टीवाला. भडोचेस कच्ची काच उतरत होती त्याअर्थीं ती वितळवून तिचे मणी करणारे हात बंदराच्या मागील प्रदेशांत होते. आणि तो मागील प्रदेश कोणता तें त्याच ग्रंथकारानें सांगितलें आहे: भडोचेपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर. तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या पांढरींतून आयुष्यभर जे अवशेष वेंचले त्यांत मणी विपुल आहेत. त्याच सुमारास रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या कानावर असें आलें होतें कीं, हिंदुस्थानांतील काच स्फटिकाच्या चुऱ्यापासून करितात, म्हणून तिची सर दुसऱ्या काचेस नाहीं. तेव्हां ‘काचेची विद्या परकीयांनीं दिली’ आणि ‘सर्व कांहीं आमच्या पूर्वजांस अवगत होतें’ असे जे दोन पक्ष अशा विषयांत नेहमीं उभे राहतात, त्या दोघांसहि येथें थोडें थोडें मागें सरावें लागतें. कांहीं काच बाहेरून येत होती, कांहीं येथें होत होती, आणि कारागीर येथले होते.

काच होण्यास मुख्यतः तीन वस्तु लागतात: गारेची वाळू, क्षार आणि चुना. वाळू एकटीच वितळविण्यास जी आंच लागते ती लांकडाच्या भट्टींत मिळणें शक्य नाहीं. क्षार घातला कीं ती कमी आंचेवर वितळते. म्हणून क्षार हा काचेचा प्राण. आणि क्षाराची एक मोठी खाण निसर्गानें महाराष्ट्रांतच ठेविली आहे. ती म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल यानें ऐन-इ-अकबरींत वऱ्हाडचें वर्णन करितांना मेहकरच्या भागांतील लोणारविषयीं लिहिलें आहे कीं, काच व साबण करण्यास लागणारें सर्व साहित्य येथील डोंगरांत मिळतें, आणि येथील सोऱ्याच्या कामावरील जकातीपासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें. महाराष्ट्रांतील काचेच्या धंद्याविषयीं राज्यकारभाराच्या ग्रंथांत आलेला हा फार मोलाचा उल्लेख होय, आणि तो कोण्या महालाविषयीं नसून क्षाराविषयीं आहे हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ओघानें आणखी एक गोष्ट सांगतों. लोणारचें सरोवर अशनिपातानें झालें, आणि त्या आघाताच्या उष्णतेनें तेथील काळा पाषाण वितळून कांहीं अंशीं त्याची काच झाली, असें भूशास्त्रज्ञांनीं १९७३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत दाखविलें. महाराष्ट्रांतील पहिली काच मनुष्यानें केलेली नव्हे, ती आकाशांतून पडलेल्या धोंड्यानें केली.

तोच काळा पाषाण आमच्या कारागिराच्या मुळावरहि आला. सह्याद्रीच्या दगडांत लोह फार. नद्यांची वाळू त्याच दगडाची, म्हणून काळपट. आणि वाळूंत लोहाचा अंश अगदीं थोडा असला तरी काचेवर हिरवट छटा येते, अधिक असला तर ती काळी दिसूं लागते. स्वच्छ काचेस हवी असलेली पांढरी वाळू देशावर सहजासहजीं मिळत नाहीं. प्रयागजवळच्या नैनी-शंकरगडची वाळू त्या कामीं नांवाजलेली आहे. म्हणून देशावरचा काचवाला पारदर्शकतेच्या मागें लागला नाहीं, रंगाच्या मागें लागला. तांब्यानें निळी किंवा तांबडी, लोहानें हिरवी किंवा काळी, अशी काच करून तो बांगडी वळीत राहिला. हिरव्या चुड्याचा मान या लोहामुळेंच रूढ झाला असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु हिरवा रंग पालवीचा व सुपीकतेचा म्हणून काचेच्या फार पूर्वींपासून मानाचा आहे, सबब तो मोह आवरलेला बरा.

बांगडीचा भौतिक पुरावा प्रथम पद्धतशीरपणें हातीं आला तो कोल्हापुरास. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेंकडीवर डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं १९४५-४६ सालीं उत्खनन केलें व त्याचा वृत्तान्त १९५२ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथें खालच्या सातवाहनकालीन थरांत काचेचे मणी मिळाले. वरच्या बहामनी काळच्या थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. काळ्या, निळ्या, हिरव्या, पिवळ्या, कांहीं एका रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ दिलेल्या अशा त्या आहेत. प्राचीन थरांत शंखाच्या बांगड्यांचें प्रमाण मोठें असतें. मध्ययुगांत शंख मागें पडून काच पुढें येते. नेवासें येथें १९५४ पासून झालेल्या उत्खननानें या चित्रांत भर घातली. डॉ. दीक्षितांनीं पुढें हाच विषय सर्व देशापुरता विस्तारून भारतीय काचेचा इतिहास लिहिला. तो मुंबई विद्यापीठानें १९६९ मध्यें प्रकाशित केला. काचेस इतिहासाचें साधन मानून आयुष्याचा मोठा भाग तिला देणारा हा संशोधक महाराष्ट्रांत झाला, आणि तरीहि मराठींत या विषयावर लिहिणारे फार थोडे निघाले. ग्रंथ इंग्रजींत राहिला, वाचकहि तिकडेच राहिले.

बांगडी करण्याची जुनी रीत पाहण्यासारखी असे. मातीच्या भट्टींतून लोखंडी सळईच्या टोंकावर वितळलेल्या काचेचा लहानसा गोळा घ्यावयाचा, त्यांत भोंक पाडावयाचें, आणि गोळा मऊ आहे तोंच तो मातीच्या सुळक्यावर चढवून गरगर फिरवावयाचा. फिरतां फिरतां भोंक रुंद होतें व कडें तयार होतें. त्यास सांधा नसतो. या कामास फुंकणी लागत नाहीं, सांचा लागत नाहीं, मोठें भांडवलहि लागत नाहीं. भट्टी घराच्या अंगणांत मावते. फुटकी काच फुकट जात नाहीं, ती नव्या काचेंत घातली कीं सगळा घाण लवकर वितळतो. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्यें बांगड्या करणाऱ्या काचारी लोकांची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. करणारे काचारी, विकणारे कासार व मण्यार, भरून घेणाऱ्या सर्व जातींच्या बायका, असा हा व्यवहार. परपुरुषानें हात हातांत धरावा आणि त्यास कोणीं नांव ठेवूं नये, उलट बांगड्या भरून झाल्यावर बाईनें त्यास नमस्कार करावा, अशी सूट आपल्या कडक समाजानें कासाराखेरीज आणखी कोणास दिली होती बरें? तुळशीबागेचें राममंदिर नारो आप्पाजी खिरे यांनीं १७६१ च्या सुमारास बांधण्यास आरंभिलें. त्या देवळाभोंवतीं जो बायकांचा बाजार पुढें वाढला त्यांत बांगडीवाले अजूनहि आहेत.

आतां वाड्यांतील काचेकडे वळूं. येथें थोडक्यांत भागेल, कारण ती डोळ्यांत भरली तरी संख्येनें थोडी होती. आरशापासून आरंभ करावयाचा तर ज्ञानदेवांच्या चांगदेवपासष्टींत व अमृतानुभवांत आरसा व मुख यांचा दृष्टान्त आहे, आणि आजचा वाचक तो वाचतांना भिंतीवरचा काचेचा आरसा डोळ्यांपुढें आणितो. तेराव्या शतकांतील गोदातीरीचा आरसा धातूचा होता. तो घासावा लागे, उजळावा लागे. न उजळला तर त्यांत मुख दिसेना. हें ध्यानांत घेतलें म्हणजे अशा दृष्टान्तांना एक वेगळीच धार येते. काचेचा आरसा, म्हणजे मागें कथील व पारा यांचा लेप दिलेली सपाट काच, युरोपांत व्हेनिसच्या कारागिरांनीं सोळाव्या शतकांत नांवारूपास आणिली व ती समुद्रमार्गें इकडे आली.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. त्या वाड्यांतील इमारतींच्या नांवांत आरसेमहाल हें नांव येतें. हंड्या, झुंबरें, आरसे या वस्तु तेव्हांच्या श्रीमंतीचें उघड लक्षण. झुंबर हा पदार्थ मोठा चतुर आहे. एका ज्योतीच्या शंभर ज्योती करून दाखवावयाच्या आणि तेल मात्र एकीचेंच जाळावयाचें. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं वाड्यास आग लागली ती कित्येक दिवस धुमसत होती, आणि आज तट, दरवाजे व जोतीं एवढेंच उरलें आहे. लांकूड जळतें, काच जळत नाहीं. ती तडकते किंवा वितळून गोळा होते. आरसेमहालाची आंतली शोभा कशी होती हें दाखविणारा एकहि आरसा त्यामुळें जागेवर राहिला नाहीं. दरबारी काचेपैकीं जी शाबूत राहिली तीं काचेवरचीं चित्रें. हीं काचेच्या मागील बाजूनें रंगवितात, म्हणून चित्रकारास उलट्या क्रमानें चालावें लागतें: डोळ्याची बाहुली व नथीचा मोती आधीं, चेहऱ्याचा रंग मागाहून, पार्श्वभूमि सर्वांत शेवटीं. चूक झांकण्यास जागा नाहीं. अठराव्या शतकांत चीनच्या कँटन बंदरांतून अशीं चित्रें जहाजांवर चढून पश्चिम किनाऱ्यास येत, व पुढें इकडेहि तीं होऊं लागलीं. पुण्यांत कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं जमविलेल्या व १९७५ मध्यें सरकारच्या स्वाधीन केलेल्या संग्रहांत अशीं कांहीं काचचित्रें आहेत. त्याच संग्रहांत नाना तऱ्हांचे दिवे आहेत. ते पाहतांना काच येण्यापूर्वीं ज्योत वाऱ्यापासून कशी राखीत असत याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घासलेट आलें आणि त्याबरोबर ही गोष्ट एकदम निकडीची झाली. तेलाच्या समईस काच लागत नाहीं. घासलेटाच्या दिव्यास चिमणी नसेल तर तो धुरानें घर काळें करितो. म्हणजे आतां स्वच्छ काच ही सरदाराची हौस न राहतां कुळवाड्याची गरज झाली. औषधाची बाटली, शाईची दौत, खिडकीचें तावदान हीं मागोमाग आलीं. हा सर्व माल आगबोटीनें येई. इतकेंच नव्हे, तर ऑस्ट्रियाच्या राज्यांतील बोहेमिया प्रांतांतून बांगड्या व मणीहि येऊं लागले; ते सुबक, झगझगीत व स्वस्त. जो एक काचेचा धंदा येथें मुळचा होता त्याच्याहि पोटावर पाय आला. अंगणांतील भट्ट्या या चढाओढींत मागें पडत गेल्या. उत्तरेंत व बंगाल्यांत शतकाच्या शेवटीं कांहीं नवे कारखाने निघाले, पण त्यांतील बरेच टिकले नाहींत. भट्टी होती, साहेब तज्ज्ञ होता, पण हाताखालीं शिकलेला कारागीर नव्हता.

तळेगांवच्या प्रयत्नाचें महत्त्व येथें आहे. अंताजी दामोदर काळे यांनीं अशी कल्पना काढिली कीं, देशांतील धंद्यांसाठीं माणशीं वर्षास एक पैसा मागावा. तेव्हांच्या हिशेबानें चौसष्ट माणसांनीं दिलें तर एक रुपया व्हावयाचा. पुष्कळांना तें हंसूं आलें असेल. लोकमान्य टिळकांना आलें नाहीं. त्यांनीं ती कल्पना उचलून धरिली, आणि स्वदेशीच्या चळवळींत ‘पैसा फंड’ हा शब्द घरोघर झाला. जमलेल्या पैशांतून काय करावें याचें उत्तर काचेचा कारखाना असें ठरलें, व १९०८ मध्यें तळेगांव दाभाडे येथें भट्टी पेटली. तज्ज्ञ म्हणून ईश्वरदास वार्ष्णेय हे मिळाले. ते उत्तर हिंदुस्थानचे. जपानांत व अमेरिकेंत ही विद्या शिकून आले होते.

पैसापैसा गोळा करणाऱ्या मंडळींनीं काचच निवडावी हें धाडसाचें होतें, कारण काचेची भट्टी ही चुलीसारखी विझवून पुन्हां पेटवितां येत नाहीं. ती रात्रंदिवस धगधगत ठेवावी लागते. थंड पडली तर आंतील मातीच्या कुंड्या तडकतात व सर्व घाण वांया जातो. वर्गणी थेंबाथेंबानें येणार आणि कोळसा मात्र गाडीगाडीनें जळणार! देशावर कोळशाची खाण नाहीं, तोहि दुरून आगगाडीनें आणावयाचा. शिवाय फुंकणीचें काम महाराष्ट्रांतल्या हातांस नवें. लांब लोखंडी नळीच्या टोंकावर लाल गोळा घेऊन तो फुंकावयाचा, फुंकतांना फिरवावयाचा, आणि गोळा थिजण्याच्या आंत सांच्यांत उतरवावयाचा. श्वास थोडा जास्त झाला तर चिमणीची भिंत एका बाजूस पातळ होते आणि दिव्याच्या पहिल्याच आंचेस फुटते. पुढें ती हळूहळू निववावी लागते, नाहीं तर आंतल्या आंत ताण राहून चार दिवसांनीं कपाटांत ठेवलेली काच आपोआप तडकते. हें सारें पुस्तकावरून येत नाहीं. उस्तादाशेजारीं उभें राहूनच तें शिकावें लागतें.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेस रवानगी झाली. तळेगांवांतच प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांचें समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा चालू होती. ती सरकारनें १९१० मध्यें बंद पाडिली. एकाच गांवांत स्वदेशीच्या दोन संस्था, त्यांपैकीं शाळेस कुलूप लागलें व कारखाना राहिला. आमच्या मतें सरकारची येथें थोडी गफलत झाली, कारण तो कारखानाहि शाळाच होती. तेथें फुंकणी धरावयास शिकलेले लोक देशभर निरनिराळ्या कारखान्यांत पसरले. खुद्द वार्ष्णेय यांनीं पुढें संयुक्त प्रांतांत बहजोई येथें मोठा काचकारखाना उभारिला. नफ्यातोट्याच्या दृष्टीनें पैसा फंडाकडे पाहणारे त्याच्या अडचणीच मोजतात. परंतु त्या फंडानें तयार केलेली खरी वस्तु चिमणी नव्हे, ती करणारा माणूस होय. १९१४ मध्यें युरोपांत युद्ध पेटलें, बोहेमियाचा माल एकाएकीं बंद झाला, जपान त्या जागीं येण्यास धडपडूं लागला. त्या वेळीं देशांत काच करूं शकणारे जे हात होते त्यांत तळेगांवीं शिकलेले हात होते.

याच युद्धाच्या काळांत, १९१६ सालीं, ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दींत काचकारखाना काढिला. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं याच्या पूर्वीं, १९१० मध्यें, किर्लोस्करांस असाच आश्रय दिला होता. माळावर वस्ती झाली, तिचें नांव ओगलेवाडी पडलें; कऱ्हाडचें रेल्वे स्टेशन आहे तें तेथेंच. तेथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रांत इतका खपला कीं कित्येक खेड्यांत कंदील म्हणजे प्रभाकर असेंच समीकरण होतें. तो कारखाना आज राहिला नाहीं, विजेनें कंदिलाचें कामच काढून घेतलें. पण ज्यांचें बालपण विजेपूर्वींचें आहे त्यांस तिन्हीसांजेचें तें काम आठवत असेल: कालची काजळी धरलेली काच उतरवावयाची, आंत फडकें घालून हलक्या हातानें फिरवावयाचें, तोंडाची वाफ द्यावयाची, उजेडापुढें धरून पाहावयाची. घरांतल्या ज्या मुलाच्या हातून काच फुटत नसे त्याच्याकडे हें काम सोंपविलें जाई, आणि त्याचा त्यास मोठा अभिमान वाटे. वाड्यांतलें झुंबर पाहावयास मिळण्याचा ज्यांस कधीं योग येणार नव्हता त्यांच्या घरीं स्वच्छ काचेचें सौंदर्य पोंचलें तें या रूपानें, आणि तें येथल्याच भट्टींतून निघालें होतें.

बांगडीची भट्टी मात्र महाराष्ट्रांत परत पेटली नाहीं. परदेशी बांगडी गेली ती फिरोजाबादची जागा करून. आज तुळशीबागेंत मिळणारी काचेची बांगडी बहुधा तिकडचीच असते. वस्तु बाहेरची झाली तरी तिच्या भोंवतालचा आचार येथला राहिला, आणि त्या आचाराची एक बाजू काळीकुट्ट आहे. सवाशिणीची बांगडी ‘फुटली’ असें आपण म्हणत नाहीं, ‘वाढली’ म्हणतों. इतका तो शब्द अशुभ. कारण ती मुद्दाम फोडण्याचा प्रसंग एकच, नवरा मरण्याचा. जमिनींतून निघालेलें खापर हातीं घेतल्यावर तें भांडें कसें फुटलें असेल असा प्रश्न संशोधकास सहसा पडत नाहीं. बांगडीच्या तुकड्याचें तसें नाहीं. धुणें धुतांना दगडावर आपटून वाढलेली कोणती, मूल रांगतांना ओढून तुटलेली कोणती, आणि दुसऱ्या बायकांनीं हात धरून फोडलेली कोणती, हें त्या तुकड्यावरून कोणत्याहि शास्त्रास सांगतां येणार नाहीं. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गांवानें ग्रामसभेंत ठराव केला कीं, विधवेचें कुंकू पुसणें, मंगळसूत्र तोडणें, जोडवीं काढणें व बांगड्या फोडणें या चाली आपल्या गांवांत बंद कराव्या; त्याच महिन्यांत राज्य सरकारनें तसें आवाहन सर्व ग्रामपंचायतींस केलें. ज्या ब्रह्मपुरीच्या टेंकडीनें काचेच्या बांगडीचा आपला जुना पुरावा दिला ती टेंकडी व हें गांव एकाच जिल्ह्यांत आहेत. शतकानुशतकें वस्तीच्या मातींत पडत आलेल्या तुकड्यांविषयीं एखाद्या गांवानें सभा भरवून कांहीं ठरविलें, ही घटना काचेच्या इतिहासांत नोंदून ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

पुण्याच्या पेठांतील जुने वाडे आज एकामागून एक पाडले जात आहेत व नव्या इमारतींसाठीं खोल पाये खणले जात आहेत. अशा ठिकाणीं चुन्याच्या व विटांच्या राडारोड्यांत बांगड्यांचे तुकडे दिसण्याचा संभव मोठा. नुसते जमवून डबींत घातलेले तुकडे शोभेपलीकडे उपयोगी पडत नाहींत. तुकडा कोणत्या पेठेंत, कोणत्या वाड्याच्या जागीं, जमिनीपासून किती हात खाली, कोणत्या रंगाच्या मातींत व कोणत्या नाण्याच्या किंवा खापराच्या सोबतीनें मिळाला, त्यास सांधा आहे कीं नाहीं, काच आरपार दिसते कीं नाहीं, एवढें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. सांधा नसलेला गडद तुकडा असल्यास तो पुण्याच्या काचाऱ्यांच्या भट्टींतला असण्याचा संभव अधिक.